आयपीओ, सट्टा आणि पहिले शेअरवाले



आपल्या पानावर आपण नेहमी अंतर्गत कर्ज, बँक जोडणी, विमा, पीक कर्ज यावर बोलतो. या वेळी शेअर बाजाराचा विषय घेतला आहे. कारण तो आता यवतमाळ शहरात राहिलेला नाही, आपल्या गटाच्या बैठकीत येऊन बसला आहे. एका गटात एका ताईंनी पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कर्ज कशासाठी, या रकान्यात सचिव ताईंनी लिहिलं, ‘आयपीओ’. बाकीच्या नऊ जणी एकमेकींकडे पाहायला लागल्या. ताईंचं म्हणणं सरळ होतं, "पोरगा म्हणतो, मोबाईलवाली कंपनी बाजारात येऊन राहिली, आठ दिवसांत डबल होते." गटाने नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि मला सांगितलं, आधी आम्हाला समजावून सांगा.

बरोबर केलं त्यांनी. जी गोष्ट कळत नाही तिच्यासाठी गटाचा पैसा द्यायचा नाही. पण "आपल्याला काय करायचं शेअर-बिअर" असं म्हणून विषय झटकणंही मला पटत नाही. आपली मुलं मोबाईलवर हे रोज पाहतात. म्हणून हा पाठ थोडा सावकाश वाचा. बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचला तर आणखी चांगलं.

डाळ मिलपासून सुरुवात करू

समजा दहा जणींनी मिळून तुरीच्या डाळीची छोटी मिल टाकली. प्रत्येकीने दहा हजार दिले, एक लाख झाले. म्हणजे मिलचे दहा वाटे, प्रत्येकीचा एक. हा वाटा म्हणजेच शेअर. मिल चालली तर नफा वाटून घ्यायचा, बुडाली तर दहा हजार गेले. कर्जासारखं व्याज नाही आणि परत मिळण्याची हमीही नाही.

तीन वर्षांनी मिलचं नाव झालं. मोठं यंत्र घ्यायचं ठरलं. गावातल्या आणखी बायका म्हणतात, आम्हालाही घ्या. आता त्यांनी किती पैसे द्यायचे? दहा हजारच? पहिल्या दहा जणी म्हणतील, वा गं वा! आम्ही तीन वर्षं धूळ खाल्ली, लाईट बिलासाठी मंगळसूत्र गहाण ठेवायची पाळी आली होती, आणि तुम्ही आयत्या येता? मग भाव ठरतो पंचवीस हजार. हा पंचवीस हजार मिलच्या आजच्या नफ्यावरून कमी आणि ‘पुढे किती चालेल’ या आशेवरून जास्त ठरलेला असतो. हे लक्षात ठेवा.

आता नव्या बाईचे पंचवीस हजार जातात कुठे? दोन रस्ते आहेत. मिलने नवा वाटा काढून दिला तर पैसा मिलच्या खात्यात जातो आणि त्यातून यंत्र येतं. पण पहिल्या दहापैकी एखादी म्हणाली, "मला आता पुरे, माझा वाटा हिला देते," तर पैसा तिच्या घरी जातो. मिलला एक रुपया मिळत नाही. नव्या बाईला मात्र दोन्ही वेळा सारखाच कागद मिळतो.

आयपीओ म्हणजे हेच, फक्त कोट्यवधींचं. आजवर मोजक्या लोकांची असलेली कंपनी पहिल्यांदा सगळ्या जनतेला शेअर विकते, तेव्हा त्याला आयपीओ म्हणतात. त्यातही हे दोन रस्ते असतात. नवे शेअर काढून कंपनीने घेतलेला पैसा एक, आणि जुन्या शेअरवाल्यांनी आपला वाटा विकून घेतलेला पैसा दुसरा. किती पैसा कुठे जाणार, हे कंपनीला आपल्या माहितीपत्रकात लिहावंच लागतं.

अमळनेरची गोष्ट

शेअर घेऊन श्रीमंत झालेल्या लोकांची गोष्ट निघाली की जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं नाव येतंच. आपल्याला अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आठवतात, मंगळ ग्रहाचं मंदिर आठवतं. तिथेच २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी सुरू झाली. मालक मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी. काम काय, तर वनस्पती तूप काढणं आणि कपडे धुण्याचा साबण बनवणं. १९४६ मध्ये कंपनीने शंभर रुपये दर्शनी किमतीचे शेअर लोकांना विकले. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, ओळखीपाळखीतल्या लोकांनी ते घेतले. कारखाना डोळ्यासमोर होता, चिमणीतून धूर निघताना दिसत होता.

१९६६ मध्ये मोठे प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आला. पुढे कंपनीचं नाव विप्रो झालं, १९८० च्या सुमाराला ती संगणकात शिरली, आणि तुपाच्या कारखान्याची जगभर संगणकाचं काम करणारी कंपनी झाली. ज्यांच्या ट्रंकेत ते जुने कागद होते त्यांची कुटुंबं लखपती, करोडपती झाली.

कशी झाली, याचा हिशोब करून बघू. कंपनी अधूनमधून बोनस शेअर देते, म्हणजे असलेल्या शेअरवर फुकटचे आणखी शेअर. २००४ च्या बोनसआधी एखाद्या घरात विप्रोचे फक्त ३ शेअर होते असं धरा. २००४ मध्ये एकावर दोन मिळाले, झाले ९. २००५ मध्ये एकावर एक, झाले १८. २०१० मध्ये तीनावर दोन, झाले ३०. २०१७ मध्ये एकावर एक, ६०. २०१९ मध्ये तीनावर एक, ८०. २०२४ मध्ये पुन्हा एकावर एक, १६०. तीनाचे एकशे साठ! आणि १९४६ पासून २००४ पर्यंतचे बोनस तर यात धरलेलेच नाहीत.

पण बोनस म्हणजे पैशाचा पाऊस नाही. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही. बोनस मिळाला की त्याच दिवशी एका शेअरचा भाव तेवढ्या पटीत उतरतो. अमळनेरच्या लोकांचा फायदा झाला तो भाकरीच मोठी होत गेली म्हणून. कंपनीचा धंदा खरोखर वाढला, नफा वाढला, वर्षानुवर्षं लाभांश मिळत राहिला.

एक गोष्ट मला इथे टोचते. अमळनेरची कहाणी यूट्यूबवर सांगणारे पुष्कळ आहेत. ‘त्यांनी घेतला, तुम्ही मागे का?’ असा त्यांचा सूर असतो. पण १९४६ मध्ये शेअर घेणाऱ्याला संगणक म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, त्याने तुपाच्या कारखान्यात पैसे टाकले होते. आणि त्या काळात शेअर विकून नंतर बंद पडलेल्या कंपन्या कितीतरी असतील. त्यांचे कागद उंदरांनी खाल्ले. त्यांची गोष्ट सांगायला कोण येणार?

विप्रोचीच दुसरी बाजू

१९९९-२००० मध्ये जगभर इंटरनेटचं वेड आलं होतं. कंपनीच्या नावात ‘डॉट कॉम’ असलं की भाव वर. मुंबईतल्या इंडियावर्ल्ड या वेबसाईटच्या छोट्या कंपनीला नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना विकत घ्यायचं ठरवलं, आणि सगळा देश चकित झाला. मुंबईचीच रेडिफ जून २००० मध्ये थेट अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात गेली. या लाटेत विप्रोचा शेअर फेब्रुवारी २००० मध्ये नऊ हजार रुपयांच्या वर पोचला. अझीम प्रेमजी जगातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांच्या यादीत गेले.

मग फुगा फुटला. दीड-दोन वर्षांत भाव पाव हिश्श्यापेक्षाही खाली आला. बघा हं, कंपनी तीच होती. काम चालू होतं, नफाही होत होता. पण ज्याने शिखरावर नऊ हजाराला एक शेअर घेतला, त्याला मधले सगळे बोनस धरूनही, लाभांश सोडला तर, आपली मुद्दल परत दिसायला जवळपास वीस वर्षं लागली. अमळनेरच्या आजोबांचा आणि या माणसाचा शेअर एकाच कंपनीचा होता. फरक फक्त कुणी कोणत्या भावाला घेतला याचा.

२०२१ च्या तीन कंपन्या

आता पोरं ज्या कंपन्यांची नावं घेतात त्यांच्याकडे येऊ. २०२१ मध्ये मोबाईलवर चालणाऱ्या बऱ्याच कंपन्या पहिल्यांदा बाजारात आल्या. त्यातल्या तीन तुम्हाला माहीत आहेत. घरपोच जेवण देणारी झोमॅटो, दुकानात ‘इतके रुपये प्राप्त हुए’ असं बोलणाऱ्या डब्याची पेटीएम, आणि पावडर-लिपस्टिक विकणारी नायका. आयपीओत एक-दोन शेअर मागता येत नाहीत, ठरलेला गठ्ठा घ्यावा लागतो. त्याला लॉट म्हणतात. आपण प्रत्येक कंपनीचा एक लॉट घेतला असं समजून हिशोब मांडू.

झोमॅटो जुलै २०२१ मध्ये आली. भाव ७६ रुपये, लॉट १९५ शेअरचा, म्हणजे १४,८२० रुपये. मागणी इतकी की एकूण शेअरच्या अडतीस पट अर्ज आले. अशा वेळी लहान अर्जदारांमध्ये सोडत निघते, बहुतेकांना काहीच मिळत नाही. २३ जुलैला बाजारात पहिला दिवस उजाडला, संध्याकाळी भाव सव्वाशेच्या आसपास होता. लॉटचे झाले जवळपास चोवीस हजार. ‘आठ दिवसांत डबल’ ही भाषा इथूनच आली असावी. बरोबर एका वर्षाने, जुलै २०२२ मध्ये, तोच शेअर पन्नासच्या खाली होता. लॉटची किंमत नऊ-साडेनऊ हजार. नंतर तो पुन्हा चढला, २०२४ मध्ये दोनशेच्याही वर गेला. म्हणजे ज्याला घाई नव्हती आणि ज्याचा पैसा उसना नव्हता तो फायद्यात राहिला. जुलै २०२२ मध्ये ज्याला पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी विकावा लागला तो गेला.

पेटीएम नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. एकूण १८,३०० कोटी रुपये गोळा केले. तोवर भारतात एवढा मोठा आयपीओ झाला नव्हता. भाव २,१५० रुपये, लॉट ६ शेअरचा, १२,९०० रुपये. १८ नोव्हेंबरला बाजारात पहिल्याच दिवशी भाव २७ टक्क्यांनी कोसळला, १,५६० च्या आसपास आला. सकाळचे १२,९०० संध्याकाळी साडेनऊ हजारांच्याही खाली. वर्षभराने भाव पाचशेच्या खाली होता. पुढे ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा आणखी पडला.

या १८,३०० कोटींचे दोन रस्ते पाहिले तर ८,३०० कोटी कंपनीला मिळाले आणि १०,००० कोटी जुन्या शेअरवाल्यांच्या घरी गेले. डाळ मिल आठवा. अर्ध्याहून जास्त पैसा यंत्रासाठी नव्हता, "मला आता पुरे" म्हणणाऱ्यांसाठी होता. झोमॅटोत उलटं होतं, ९,३७५ कोटींपैकी ९,००० कोटी कंपनीत गेले. जुन्याने वाटा विकणं हा गुन्हा नाही, तोही दहा वर्षं थांबलेला असतो. पण ज्याला कंपनीची आतली नाडी माहीत आहे तो विकतो आहे आणि आपण घेतो आहोत, एवढं तरी समजून घ्यावं.

नायका मुंबईची. फाल्गुनी नायर यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ मध्ये, बँकेतली मोठी नोकरी सोडून सुरू केली. बाईमाणसाने उभी केलेली एवढी मोठी कंपनी, म्हणून मला तिचं कौतुक आहे. या तिघींत आयपीओच्या वेळी नफ्यात असलेली हीच एक होती, बाकी दोन तोट्यात होत्या. भाव १,१२५, लॉट १२ शेअरचा, १३,५०० रुपये. १० नोव्हेंबर २०२१ ला पहिल्या दिवशी भाव २,२०० च्या वर, लॉटचे साडेसव्वीस हजार. वर्षभरात, ऑक्टोबर २०२२ अखेर, भाव १,१२५ च्याही खाली गेला होता. मग कंपनीने एकावर पाच बोनस दिला. १२ चे ७२ शेअर झाले आणि मूळ भाव शेअरमागे १८७ रुपये ५० पैसे पडला. २०२३ मध्ये बराच काळ तो दीडशेच्या खाली होता. ७२ शेअर हातात, पण किंमत पावणेअकरा हजारांच्या आतबाहेर. कौतुक एका जागी आणि शेअरचा भाव दुसऱ्या जागी.

वर्षभरानेच का पडले?

झोमॅटो आणि नायका, दोन्ही साधारण एका वर्षानेच पडलेल्या दिसतात. त्याला एक कारण आहे आणि ते आपल्याला चांगलं कळेल.

दिवाळीनंतर सगळ्यांच्या कापसाच्या गाड्या एकाच दिवशी यार्डात पोचल्या तर काय होतं? रांग लागते, भाव पडतो. शेअरचंही तसंच. आयपीओआधीपासून ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांना बाजारात आल्याबरोबर विकता येत नाही. काही काळ बंदी असते, त्याला लॉक-इन म्हणतात. तेव्हाच्या नियमाने या मोठ्या जुन्या गुंतवणूकदारांसाठी ती एक वर्ष होती, पुढे सेबीने ती सहा महिन्यांवर आणली. म्हणजे पहिलं वर्षभर यार्डात थोड्याच गाड्या होत्या, म्हणून भाव चढा होता. झोमॅटोची बंदी उठल्यावर पहिला व्यवहाराचा दिवस होता २५ जुलै २०२२. त्या एका दिवसात शेअर ११ टक्क्यांनी पडला. ऑगस्टच्या सुरुवातीला उबरने आपला सगळा वाटा विकून टाकला. नायकाची बंदी १० नोव्हेंबर २०२२ ला उठली. बोनसही त्याच आठवड्यात आला, याची तेव्हा बरीच चर्चा झाली.

आपल्याला भाव पडल्यावर धक्का बसतो, पण ही तारीख कुणी लपवलेली नसते. ती आधीच माहीत असते. आपल्याला कुणी सांगत नाही, एवढंच.

पहिल्या शेअरवाल्याचं गणितच वेगळं असतं. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने झोमॅटोत २०१० मध्ये पहिल्यांदा पैसे घातले, कंपनी लहान असताना. त्यांचा एका शेअरचा खर्च इतका कमी की भाव १२५ वरून ४५ वर आला तरी ते फायद्यातच. ७६ ला घेणारा रडतो, १२५ ला घेणारा तर ओरडतो. अर्थात पहिल्यांदा घुसलं म्हणजे जिंकलं असंही नाही. अमेरिकेचे वॉरन बफे यांच्या कंपनीने २०१८ मध्ये पेटीएममध्ये पैसे घातले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी सगळे शेअर तोट्यात विकले. त्यांना तो तोटा सोसवतो. आपलं तसं नाही.

सट्टा कशाला म्हणायचा?

आपल्या भागात सट्टा म्हटलं की आकडा किंवा क्रिकेट आठवतं. पण आपण सगळ्यांनी, नकळत का होईना, एकदा मोठा सट्टा पाहिला आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. दुसऱ्या वर्षी जवळपास प्रत्येकाने ठरवलं, दहा हजाराशिवाय विकायचा नाही. घरात, ओसरीवर, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत कापूस भरला. अंगाला खाज सुटली, उंदीर झाले. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत भाव सात-आठ हजारांवर आला आणि पेरणीच्या तोंडावर मिळेल त्या भावात काढावा लागला.

कापूस पिकवणं हा धंदा आहे. तो घरात भरून उद्याच्या भावाची वाट पाहणं हा सट्टा आहे. शेअरमध्ये हाच फरक धरायचा. कंपनी काय विकते, नफा होतो का, हे पाहून काही वर्षांसाठी पैसा गुंतवणं एक. मंगळवारी घेऊन शुक्रवारी कुणाच्या तरी गळ्यात मारणं दुसरं. सेबीने एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधल्या आयपीओंचा अभ्यास केला. मोठे अँकर गुंतवणूकदार सोडले तर मिळालेल्या शेअरपैकी किमतीने ५४ टक्के शेअर लोकांनी आठवड्याच्या आत विकले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा कंपनीवर विश्वास म्हणून आलेलाच नव्हता.

आणखी एक शब्द घरात कानावर पडत असेल, ‘ऑप्शन’. पोरगं म्हणत असेल "मी फक्त दोन-दोन हजाराचं ऑप्शन करतो". सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत यात उतरलेल्या दर १०० पैकी ९३ जणांचा तोटा झाला, एकूण १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. यावर वेगळा पाठ लागेल. तोवर एवढंच विचारा, "बाबू, तू उरलेल्या सातांत आहेस का? खात्याचा उतारा दाखव."

मग गटाने कर्ज द्यावं का?

माझं मत विचाराल तर नाही. कारण साधं आहे.

गटाचं कर्ज महिन्याला दोन टक्क्यांनी असेल तर पंधरा हजारांवर महिन्याला तीनशे रुपये व्याज. वर्षाला छत्तीसशे. म्हणजे शेअर नुसता तिथल्या तिथे राहिला तरी ताईंचा छत्तीसशेचा तोटा. शेळी घेतली तर पिल्लं होतात, शिलाई मशीन घेतली तर महिन्याला हप्त्यापुरतं तरी निघतं. झोमॅटो, पेटीएम, नायका, यातल्या एकीनेही पहिल्या वर्षी हप्ता भरायला रुपया दिला नसता. हप्ता द्यायचा तर शेअर विकावा लागणार, आणि तोही ज्या भावात असेल त्या भावात. वर, सोडतीत शेअर लागले नाहीत तर कर्ज उचलून फुकटचं व्याज. आणि ताईंचा हप्ता थकला की तो दहाही जणींच्या अंगावर येतो. परतफेडीची नोंद बिघडली की बँक पुढचं कर्ज अडवते.

स्वतःचा पैसा असेल, घरखर्च, औषधपाणी, शाळा, बियाणं सगळं बाजूला काढून उरलेला, आणि पाच वर्षं लागणार नसेल, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. एवढ्या पैशात मी आधी विमा आणि बँकेतली ठेव पाहीन. ज्यांना तरी शेअर घ्यायचे आहेत त्यांनी अर्जाची रीत नीट जाणून घ्या.

आयपीओचा अर्ज करताना पैसे कुणाच्याच हातात द्यायचे नसतात. डिमॅट खातं स्वतःच्या नावाचं लागतं. अर्ज केला की रक्कम आपल्याच बँक खात्यात अडकून राहते. शेअर मिळाले तरच कापली जाते, नाही मिळाले तर मोकळी होते. मोबाईलवरून केला तर यूपीआयवर मंजुरीचा मेसेज येतो, तोही आपणच स्वीकारायचा. म्हणून कुणी म्हणालं की "माझ्या खात्यात टाका, मी कोट्यातून शेअर पक्के मिळवून देतो", तर तिथेच समजायचं की हा चोर आहे. पक्के शेअर मिळवून देण्याचा रस्ताच नाही, लहान अर्जदाराला सोडतच आहे.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या टोळ्या सध्या हेच करतात. ग्रुपमध्ये शंभर जण ‘मला फायदा झाला’ म्हणून फोटो टाकतात, ते सगळे त्यांचेच असतात. खोटं ॲप उतरवायला सांगतात. त्यात आपले दहा हजार चाळीस हजार झालेले दिसतात. काढायला गेलं की म्हणतात, आधी टॅक्स भरा. भरला की ग्रुप बंद. असं कुणाशी घडलं असेल तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसा वाटेत अडवण्याची शक्यता असते. आणि ‘ग्रे मार्केटमध्ये शंभर रुपये वर चालू आहे’ हे ऐकलं तर तो बाजार सरकारी नोंदीतला नाही, तिथला भाव म्हणजे पानठेल्यावरची चर्चा.

शेअर तुमच्याकडेही आहे

हे वाचून कुणी म्हणेल, आपला शेअरशी काय संबंध? आहे ना. आपल्यापैकी बऱ्याच जणी शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद आहेत. शंभर, पाचशे, हजार रुपये भरून शेअर घेतला आहे. तो कागद लोखंडी पेटीत कुठेतरी असेल.

हा शेअर बाजारात विकता येत नाही. द्यायचा झाला तर संचालक मंडळाच्या मंजुरीने दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, आणि तोही दर्शनी किमतीला. म्हणजे हजाराचा शेअर हजारालाच जातो, त्यावर सट्टा चालत नाही. त्यातून अमळनेरसारखे करोडपती होणार नाहीत, हे खरं. पण पेटीएममध्ये जितके शेअर तितकी मतं असतात. शेतकरी सभासदांच्या उत्पादक कंपनीत मात्र एका सभासदाला एकच मत, मग शेअर एक असो की वीस. वार्षिक सभेत ताळेबंद मागायचा तुमचा हक्क आहे. तूर कोणत्या भावाला घेतली, कुणाला विकली, वाहतुकीला किती गेले, हे विचारायचाही. पण सभेला जातात किती जणी? नवऱ्याला किंवा पोराला पाठवून देतात आणि सही तेवढी घरी करतात.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना आपापलं शेअर प्रमाणपत्र सोबत आणा. नसेल मिळालं तर पैसे भरल्याची पावती आणा. कुणाच्या नावावर आहे, किती शेअर आहेत, शेवटची सभा कधी झाली, हे सगळ्या मिळून लिहून काढू. उत्पादक कंपनीच्या लेखापालांना गेल्या वर्षीचा ताळेबंद घेऊन यायला सांगितलं आहे, तो आपण ओळ-ओळ वाचणार आहोत.